मायचा फोन उचलायचा नसतो

भागिरथाबाईचा मोबाईल हौदात पडला तो तिच्याच घाईनं. धुणं धुताना फोन कमरेला खोचू नये, हे तिच्या पोरीनं, पिंकीनं, तिला शंभरदा सांगितलं होतं. पण ऐकेल ती भागिरथाबाई कसली! मग फोन पुसला, उन्हात ठेवला, तांदळाच्या डब्यात पुरला. तो काही डोळे उघडेना. शेवटी दुपारची जीप धरून बाई धनजहून कारंज्याला निघाली. पोरगं परदेशात आणि घरातला फोन मुका, अशानं तिच्या जिवाला चैन कुठून पडणार?

पोरगं म्हणजे प्रसेनजित. पुण्याच्या एका कंपनीत मशीन बसवायच्या कामाला होता. कंपनीनं त्याला नॉर्वेला धाडलं होतं, मासे गोठवायच्या कारखान्यात. जन्मात कधी समुद्र न पाहिलेलं हे वऱ्हाडातलं पोरगं, त्यानं समुद्र पाहिला तोही बर्फाच्या मुलखातला! राहायला लाकडाचं एकलकोंडं घर होतं. मोबाईलला तिथं रेंज नव्हती, पण भिंतीवर वायफायचा डबा होता. जायच्या आधी त्यानं मायला समोर बसवून समजावलं होतं. फोन विमानाच्या मोडवर टाकायचा, वायफाय लावायचं, वायफाय कॉलिंग चालू करायचं, की आपला इथलाच नंबर तिथं वाजतो. मायनं नेहमीसारखं बटन दाबायचं, बाकी काही नाही. भागिरथाबाईला त्यातलं एवढंच कळलं की पोरगं कारंज्याला असो की नॉर्वेला, रिंग जाते. तिला तेवढं पुष्कळ होतं.

कारण या घरात बोलण्यापेक्षा रिंगेला मोल. ही रीत तिचा नवरा भिवाजी होता तेव्हाची, रिचार्ज जपून वापरायच्या दिवसांतली. दिवेलागणीला मायनं पोरांना रिंग द्यायची आणि लगेच कापायची. म्हणजे मी बरी आहे, तुमचं चालू द्या. पोरांनी ती उचलायची नाही. चुकून कोणी उचललीच, तर बाई तिकडून करवादायची, "उचलला कायले?" पुढं बोलणं फुकटात झालं, भिवाजीही गेला, पण रीत काही गेली नाही. प्रसेनजितच्या तर ती इतकी अंगात मुरली होती, की फोनवर 'माय' असं नाव दिसलं की त्याचा हात आपोआप मागं यायचा.

कारंज्यात बसस्टँडाजवळ नवीन नावाच्या पोराचं मोबाईलचं दुकान. त्यानं फोनची पाठ उघडली, आत बघून च्‌ च्‌ केलं आणि उद्या या म्हणाला. सिम काढून बाईच्या हातावर ठेवलं. हरवायला नको म्हणून तिनं ते पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. आज रिंग जायची नाही, हे तिथं दुकानात उभ्या उभ्या तिच्या ध्यानात आलं, आणि तिला उगीच कसंसं झालं. पोराचा नंबर काही तोंडपाठ नव्हता. वाशीमला शिकायला असलेली पिंकी करेल त्याला फोन, अशी मनाची समजूत घालून ती परतीच्या जीपमध्ये बसली.

घरी आली तेव्हा दिवस मावळला होता आणि गावची लाईन गेलेली होती. थंडीचे दिवस. शेजारची मनकर्णाबाई दार लावून बसली होती. भागिरथाबाईनं कुलूप काढलं, चपला कोपऱ्यात सारल्या, बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली. भाकर टाकायचाही उत्साह नव्हता. ती भिंतीला टेकून तशीच बसली. बाहेर तुरीच्या शेतात कोल्हं एकदा कोकललं आणि गप झालं.

पहिल्यांदा वास आला. ओल्या लाकडाचा, कोंडलेल्या धुराचा. या घरात चूल पेटून कितीतरी वर्षं झाली होती, स्वयंपाक गॅसवर. शेजारून येत असेल म्हणून तिनं नाकाला पदर लावला. पण वास दारातून येत नव्हता, आतल्या खोलीतून येत होता.

मग तिला कोणीतरी बोलल्यासारखं वाटलं.

आतल्या खोलीत कोणी बाई बोलत होती. दबक्या आवाजात, फोनवर बोलतात तशी. चार शब्द बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची.

"उचलला काय... हाव, मीच... ठेवू नको... आता उचलला तं ठेवू नको, बापू..."

भागिरथाबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. कुलूप तर तिनं आत्ता आपल्या हातानं काढलं होतं. घराला मागचं दार नाही. मग आत कोण?

"उठ... हात-पाय चालत नसंन तं सरकत ये... दार उघड... पयले दार उघड..."

ती बाई बोलता बोलता खाकरली. ते खाकरणं ऐकलं मात्र, भागिरथाबाईचा हात आपल्याच गळ्याकडं गेला. तो आवाज तिचा होता. तिचाच, सर्दीनं जरा बसलेला, 'बापू' म्हणताना शेवटी खाली येणारा. आपण इथं तोंड मिटून बसलो आहोत आणि आपला आवाज तिथं बोलतो आहे, हे कळल्यावर माणसाचं काय होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. तिला उठवेना, ओरडवेना. ती त्रिसरण पुटपुटत राहिली आणि ऐकत राहिली.

"भाईर आला काय... बस तिथंच... झोपू नको..."

एवढं झालं आणि ती बाई रडायला लागली. मोकळा गळा काढून नव्हे, तोंडात पदर कोंबून, कोणाला ऐकू जाऊ नये तशी. मग तेही थांबलं.

भागिरथाबाईनं कसाबसा धीर केला. मेणबत्ती उचलून ती आत गेली. खोलीत कोणी नव्हतं. गाद्या घडी घातलेल्या, कोठी जागच्या जागी, फोन ठेवायची फळी रिकामी. फळीपाशी मात्र हवा इतकी गार होती की मेणबत्ती धरलेली बोटं बधिर झाली. ती बाहेर येऊन बसली आणि उजाडेपर्यंत तिनं त्या दाराकडं पाठ केली नाही.

सकाळी पहिल्या एसटीनं पिंकी वाशीमहून आली. दारातच मायच्या गळ्यात पडली आणि रडता रडता हसायला लागली. रात्रीच भावानं तिला फोनवर सारं सांगितलं होतं, पण आता तिला बोलताच येईना, म्हणून तिनं सरळ भावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. प्रसेनजित दवाखान्यातून बोलत होता. आवाज खोल गेलेला, पण त्याचाच.

झालं होतं असं. घरात ऊब म्हणून लाकडाची शेगडी होती आणि तिचं धुराडं वर बर्फानं बुजलं होतं. धूर डोळ्याला अगदी थोडा दिसायचा. जो वायू दिसत नाही तोच जीव घेतो, असं डॉक्टरनं त्याला सांगितलं. तिथली दुपार म्हणजे इथली दिवेलागण; पहाटेची पाळी करून दुपारी घरी येऊन तो पलंगावर पडला आणि त्याला गोड गुंगी आली. हातपाय आपले राहिले नाहीत. तेवढ्यात फोन वाजला. 'माय'. सवयीप्रमाणं त्यानं उचलला नाही. मायची रिंग, आत्ता कापेल. ती कापेना. बंद पडायची की पुन्हा वाजायची. माय एवढा वेळ रिंग देत नाही, काहीतरी झालं असेल, या एका काळजीनं त्यानं कसाबसा फोन उचलला. आणि मायनं त्याला उठवलं. सरकत सरकत दारापर्यंत नेलं, दार उघडायला लावलं, बाहेर बर्फात बसवून ठेवलं. रस्त्यानं जाणाऱ्या एका गाडीवाल्यानं पाहिलं आणि दवाखान्यात नेलं.

"माय," तो म्हणाला, "तुनं उठवलं म्हणून वाचलो. नाई तं मी गेलोच होतो."

 भागिरथाबाईनं पदराची गाठ सोडली आणि ते नखाएवढं सिम पिंकीच्या तळहातावर ठेवलं. मग काल संध्याकाळी काय ऐकलं, ते सांगितलं.  पिंकीनं लगेच नवीनला फोन करून विचारलं. तो म्हणाला, तुमचा फोन टेबलावर उघडून पडला आहे, रात्रभर दुकानाला कुलूप होतं. भावाच्या फोनवर मात्र आलेला कॉल दिसत होता. नंबर मायचाच, वायफायवरून आलेला. नेटवर्कची काहीतरी गडबड असेल, असं पिंकी पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पण गडबडीला मायचा आवाज कुठून येणार?

मनकर्णाबाईला कळल्यावर ती लिंबू घेऊनच आली. घरात काहीतरी शिरलं, उतरून तिठ्यावर टाक म्हणाली. भागिरथाबाईच्या सासऱ्यानं छप्पन साली धम्म घेतला तेव्हाच देव आणि भुतं दोन्ही नदीत सोडली होती. त्या घरात लिंबाचा उपयोग एक सरबतापुरता. पण त्या दिवशी ती मनकर्णाबाईवर डाफरली नाही. शांतपणे म्हणाली, "भूत मी मानत नाई. उपकार मानतो. जे कोणी असंन, तिनं माह्या लेकराले वाचवलं. तिले हाकलू कशी?"

आणि खरंच, त्या दिवसापासून तिनं आतल्या खोलीचं दार कधी लावलं नाही. भीती गेली होती असं नाही.  पण दिवेलागणीला मेणबत्ती लावली की ती त्या अंधाराकडं तोंड करून हात जोडायची आणि म्हणायची, "बाई, तुहं भलं होवो." पोरगं जिवंत आहे, या एका गोष्टीचा आनंद इतका मोठा होता की त्यात ती भीतीसुद्धा मावून गेली.

उन्हाळा लागता लागता प्रसेनजित घरी आला. भागिरथाबाईनं त्याला दारातच थांबवून डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवून पाहिला, आणि मग रडून घेतलं. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, वर ठेचा. दोन्ही पोरं समोर बसली, ती वाढत होती. ऊन उतरत आलं होतं. पोरगं जेवत होतं आणि ती नुसती त्याचं चावणं बघत होती. याहून जास्त काही मागावं, असं तिला वाटत नव्हतं.

तेव्हा प्रसेनजितचा फोन वाजला. तो बाजूलाच जमिनीवर पडला होता. त्यावर नाव आलं, 'माय'.

पिंकी हसली. माय, तुझा फोन कुठंतरी दबला बघ, म्हणाली. पण मायचा दुरुस्त झालेला फोन परातीशेजारी होता, पडदा काळा, गप. तिघांनीही तो पाहिला. पिंकीचं हसू तिथंच विरलं. प्रसेनजितच्या हातातला घास हातातच राहिला. फोन वाजत होता, कापला जात नव्हता. आणि खोलीत ओल्या लाकडाच्या धुराचा वास येत होता.

भागिरथाबाईनं पिठाचे हात पदराला पुसले. "उचल," ती पिंकीला म्हणाली. पिंकीनं उचलला आणि स्पीकर लावला. तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"कोण... बाई?" भागिरथाबाईनं विचारलं. "मी भागिरथा. धनजची."

 मग तिचाच आवाज आला, थकलेला.

"मीबी."

पिंकीनं भावाचा दंड घट्ट धरला. बोलायचं ते भागिरथाबाईनं इतके दिवस मनात धरून ठेवलं होतं. ती म्हणाली, "तुहे लय उपकार झाले, बाई. माह्या लेकराले तुनं उठवलं. आता समोर बसून जेवून राह्यला..."

"तुहा उठला," तिकडून आलं. "बरं झालं..."

पुन्हा श्वास. मग अगदी हळू, "मी लय रिंगा देल्या, वं... माह्या बापूनं फोन उचललाच नाई."

भागिरथाबाईला सारं कळलं. मायचा फोन उचलायचा नसतो, हे तिच्याही घरात पोरांना शिकवलेलं असणार, आणि तिचा बापू त्या धुरात निजलेलाच राहिला असणार. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिनं तो फोन दोन्ही हातांनी उचलून प्रसेनजितपुढं धरला. "बोल तिच्यासंग," ती म्हणाली. "माय म्हण तिले."

 आपल्या मायचा हात समोर होता, चुलीच्या जुन्या डागांचा, ओळखीचा. त्या हाताकडं बघत प्रसेनजित म्हणाला, "माय... जेवलो मी."

तिकडं तोंडात पदर कोंबून कोणीतरी रडलं. बराच वेळ रडलं. मग आवाज आला, स्वच्छ, आनंदानं भरलेला, पोराच्या येण्याचं विचारताना मायचा येतो तसाच.

"मंग घरी कधी येतं, बापू?"

प्रसेनजित घरातच बसला होता. त्यानं एकदा मायकडं पाहिलं, एकदा फोनकडं.  आणि तिकडून कोणी फोन ठेवत नव्हतं.