फक्त एक ओळ

"तुझी आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, वहिनी. आणि तू इथे बसून व्हिडिओ कॉलवर रडलीस."

गावाहून भेटीला आलेल्या आकांक्षाच्या ओठांवर आठ दिवस अडलेलं वाक्य अखेर शुक्रवारी सकाळी, मस्कतमधल्या दार्सैतच्या त्या दोन खोल्यांत, पोह्यांच्या बशा उचलताना बाहेर पडलं. नणंदेकडे पाठ करून विशाखा ओटा पुसत राहिली... काय सांगणार होती ती? ज्या कर्जाच्या धाकाने ती नऊ वर्षं मस्कतमधून हलली नव्हती, ते कर्ज तिने आकांक्षाच्याच लग्नासाठी काढलं होतं. ऐन लग्नात नवऱ्याची, स्वरूपची, इथली नोकरी सुटली होती. व्याह्यांपुढे नवऱ्याची मान खाली जाऊ नये, म्हणून तिने चिपळूणच्या एका फायनान्स कंपनीत गुपचूप सही केली. सासरी म्हणाली, स्वरूपने पाठवले. स्वरूपला म्हणाली, माझ्या आईने दिले. शिवणकाम करून काही हप्ते भरले, इकडे आल्यावर ते तुटले आणि फोन सुरू झाले. "ताई, इंडियात पाय ठेवलात की विमानतळावरच धरतील," असं वसुलीवाला अगदी गोड आवाजात सांगायचा, आणि ही भाबडी बाई दर वर्षी काहीतरी सबब काढून नवऱ्याला एकट्यालाच गावी धाडायची. गेल्या शिमग्यात आई गेली, तिच्या उशाशी आकांक्षाच बसली होती, तेव्हासुद्धा...

स्वरूप मवालेहच्या बाजारात गेला होता. ओट्यावरचा फोन थरथरला. वसुलीवाल्याचा मेसेज होता.

"ताई, फक्त एक ओळ लिहून द्या. कर्ज मान्य आहे, फेडीन. खाली सही करून फोटो पाठवा. मग खलास, पुन्हा त्रास नाही."

पुन्हा त्रास नाही! विशाखाने किराणाच्या यादीचा कागद उलटा केला आणि लिहू लागली. 'कर्ज मान्य आहे' इथवर आली, तोच मागून आकांक्षाने कागद ओढून घेतला.

"कुठलं कर्ज, वहिनी?"

विशाखाचा बांध फुटला. जे अकरा वर्षं उरात कोंडलं होतं, ते ओट्याला टेकून तिने हुंदके देत सांगून टाकलं. आकांक्षाने हातातला कागद पुन्हा वाचला.

"शेवटचा हप्ता कधी भरलास?"

"इकडे यायच्या आधी. नऊ वर्षं झाली."

"कोर्टाची नोटीस?"

"नाही गं. नुसते फोन."

"वकिलांकडे टायपिंग करते मी. शेवटच्या हप्त्यापासून तीन वर्षांत ते कोर्टात गेले नाहीत, त्यांची दावा लावायची मुदत केव्हाच संपली. पण हे सही करून दिलंस, तर मेलेलं कर्ज उठून बसेल. म्हणून तर मागतायत."

"पण पैसे घेतले होते ना मी..."

"माझ्यासाठी घेतलेस. देणं असेलच तर ते मी लागते, आणि ते त्यांचं नाही, तुझं."

"आणि विमानतळ?"

"असल्या कर्जासाठी कोणी धरत नाही, वहिनी. नुसती धमकी होती ती."

विशाखा भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "म्हणजे... शिमग्यात मी येऊ शकले असते?"

मघाशी आपणच फेकलेलं वाक्य आता आकांक्षालाच सोसवेना. वहिनीच्या गुडघ्यावर डोकं टेकून ती लहान पोरीसारखी रडू लागली, आणि विशाखाचा हात सवयीने तिच्या केसांवरून फिरत राहिला.

फोन पुन्हा वाजला. विशाखा दचकून उठू लागली, तशी आकांक्षाने तिचा हात घट्ट धरला.

"वाजू दे."

तो वाजत राहिला, वाजून वाजून थांबला.

"आई ज्या दाराकडे बघत होती ना," विशाखा हळूच म्हणाली, "ते मला एकदा बघायचंय गं."

"गणपतीला चल. त्या घराची किल्ली माझ्याकडेच आहे."