सुलक्षणाबाईंच्या चाकात काय वाजतं?

"मी वेडी आहे की नाही, एवढंच मला सांगा," खुर्चीत बसायच्या आधीच सुलक्षणा परब म्हणाल्या. "आणि आज संध्याकाळच्या आत सांगा."

घाटकोपरच्या त्या चिमुकल्या ऑफिसात निहारने नाना तऱ्हेची माणसं पाहिली होती. नवऱ्यावर पाळत ठेवा म्हणणाऱ्या बायका, भागीदारावर संशय घेणारे व्यापारी. पण स्वतःचीच चौकशी करा म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच. त्याने मावसबहिणीकडे पाहिलं. खाजगी गुप्तहेर उत्तरा गवाणकरने मात्र शांतपणे पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"काय झालं, काकू?"

"माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकात टकटक वाजतं. मी चालवते तेव्हा वाजतं. माझा मुलगा देवेश ती गॅरेजात नेतो, तेव्हा चिडीचूप! दोनदा असंच झालं. आता तो म्हणतो, आवाज चाकात नाही, तुझ्या डोक्यात आहे. आज सहा वाजता पवईला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. ते हो म्हणाले की गाडी विकायची आणि मी गप घरी बसायचं."

"आणि तुम्हाला बसायचं नाही."

"का बसू? सासरे गिरणीत, नवरा छापखान्यात, सगळ्यांचे डबे भरण्यात माझा जन्म गेला. साठीला मी स्टिअरिंग धरलं. एवढी एकच गोष्ट माझी आहे, ती मी सोडणार नाही!"

बाई निहारला तिथल्या तिथे आवडून गेल्या.

मुलुंडला त्यांच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ती छोटी पांढरी गाडी उभी होती. काल देवेशने गॅरेजातून आणून उभी केल्यापासून ती हलली नव्हती. पुढच्या दोन्ही चाकांच्या प्लास्टिकच्या टोप्यांवर तेलात कालवलेल्या शेंदराने ठसठशीत 'श्री' काढलेला.

"दसऱ्याला काढला," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "लोक बॉनेटला हार घालतात. राबतं ते चाक, मग पूजा चाकाची नको?"

"उजव्या बाजूचा श्री डोक्यावर उभा आहे," निहार हसला. "डावा बघ कसा सरळ, शहाण्यासारखा."

उत्तरा हसली नाही. ती आधी उजव्या चाकापाशी वाकली. टोपीच्या कडेला एक खाच होती आणि तिच्यातून हवा भरायची नळी डोकावत होती. मग ती डाव्या चाकापाशी गेली. तिथेही 'श्री'च्या पायाशी तशीच खाच होती, पण ती रिकामी होती. उत्तराने फोनवर दोन्ही चाकांचे फोटो काढले.

"चला काकू. तुम्हीच चालवा."

फाटकाबाहेर पडायच्या आतच आवाज सुरू झाला. टक... टक... टक. निहारने स्वतःच्या कानांनी ऐकला आणि त्याला हायसं वाटलं.

"ऐकलंत?" सुलक्षणाबाईंनी घाबरून गाडी आणखी हळू केली. टकटक चालूच राहिली.

"आता जोरात घ्या."

गाडीने वेग घेतला आणि आवाज गेला. सिग्नलपाशी रांगायला लागली, तसा परत आला. उत्तराने ब्रेक मारायला लावला, डावीकडे, उजवीकडे वळायला लावलं. आवाजात फरक पडला नाही.

"बेअरिंग गेलं असणार," निहार म्हणाला. त्याच्याकडे एकेकाळी स्कूटर होती.

"बेअरिंग वेगाबरोबर जास्त ओरडतं रे. हे वेग घेतला की गप्प बसतंय."

गॅरेजवाला सुशांत एका टॅक्सीचं चाक बसवत होता. टोपी हातात घेऊन त्याने ती फिरवत फिरवत नळीवर खाच आणली आणि मगच थाप मारून बसवली.

"परबकाकूंची गाडी ना? दोन वेळा चाक खोललं. ब्रेक, बेअरिंग, अ‍ॅक्सल, एकदम झकास. देवेशभाईंना बोललो पण, गाडीत काय नाय. आता परत खोलू?"

"हात लावायचा नाही," उत्तरा म्हणाली.

परतल्यावर तळमजल्यावरच्या नंदकुमार सबनिसांची गाठ पडली. त्यांची गाडी बाहेर रस्त्यावर उभी असायची आणि त्यावरून त्यांचं सुलक्षणाबाईंशी वाजायचं, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. निहारने मनातल्या मनात त्यांना बेड्यासुद्धा घातल्या.

त्यांच्या घरात बसल्यावर उत्तराने पर्समधून एक लग्नपत्रिका काढून टीपॉयवर ठेवली, वरचा गणपती उलटा. सबनिसांनी बोलता बोलता चहाचा कप त्या गणपतीवरच टेकवला.

"मला कशाला विचारता? चाकावर श्री लिहून गाडी सुधारते का? या वयात ड्रायव्हिंग म्हणजे नसती हौस!"

"गाडी गेली तर जागा तुम्हाला मिळेल."

"कसली मिळतेय! सोसायटीचा नियम आहे, एका फ्लॅटला एक जागा, आणि ती त्या फ्लॅटचीच. गाडी विकली तरी जागा परबांची. तळमजल्याला तर जागाच दिलेली नाही, आमची वाट लागलेलीच आहे."

बाहेर येताच निहार कुजबुजला, "हाच तो! किती जळतोय बघ."

"जळतोय खरा. पण त्या शेकोटीचा फायदा कुणाला, ते बघ."

पाच वाजता देवेश कामावरून आला. पाहुणे पाहून दचकला, पण नम्रपणे समोर बसला. बोलता बोलता त्याचा हात उत्तराने परबांच्या टीपॉयवरही उलटी ठेवलेल्या त्याच पत्रिकेकडे गेला. गणपती सुलटा करून त्याने ती पाण्याच्या ग्लासापासून दूर सरकवली.

"आईची काळजी वाटते, मॅडम. नसलेले आवाज ऐकू येतात तिला. उद्या कुणाला उडवलं तर?"

"तुम्ही नवी गाडी घेताय का?"

"हो. मोठी. धनत्रयोदशीला येईल. का?"

"सहज. सगळेच खाली चला. सबनिसांनाही बोलवा."

गाडीभोवती सगळे जमले. उत्तराने डाव्या चाकावर हात ठेवला.

"आवाज खरा आहे. मी ऐकला, निहारने ऐकला. हळू जाताना येतो, वेग घेतला की थांबतो. म्हणजे टोपीच्या आत काहीतरी सुटं आहे. गाडी रांगते तेव्हा ते गडगडतं, चाक जोरात फिरलं की कडेला चिकटून बसतं. ते आपोआप आत जात नाही आणि गॅरेजात जायच्या आधी आपोआप बाहेरही येत नाही. कुणीतरी ते ठेवतं आणि काढतं."

"सुशांत!" निहार म्हणाला. दुपारपासून त्याचा हा दुसरा गुन्हेगार.

"सुशांत टोपी बसवताना आधी नळी बघतो, तू पाहिलंस. या टोपीच्या खाचेत नळीच नाही." तिने फोनवरचा सकाळचा फोटो दाखवला. "हे गॅरेजवाल्याचं काम नव्हे."

"मग घ्या माझ्यावर आळ," सबनीस फुत्कारले.

"तुम्हाला त्यात काडीचा फायदा नाही. शिवाय तुम्ही टोपी कशीही दाबून मोकळे झाला असतात. गाडी उभी केली की चाक कुठेही थांबतं. उजवा श्री उलटा थांबला होता, तसा. पण डावा अगदी सरळ होता. ज्याने टोपी लावली, त्याने नळी पाहिली नाही, श्री पाहिला. देवाचं अक्षर डोक्यावर उभं करायला त्याचा हात धजला नाही. तुम्ही गणपतीवर कप ठेवलात, सबनीस. देवेशने तो सुलटा केला."

देवेश पांढराफटक पडला.

"आणखी एक. नुसती गाडी घालवायची असती, तर आवाज गॅरेजातही वाजू दिला असता. चाक बिघडलं म्हटलं की झालं. पण काकूंनी चाक दुरुस्त करून गाडी पुन्हा काढली असती. बिघडलेली आई दाखवायची होती. म्हणून आवाज फक्त आईलाच ऐकू यायला हवा होता. गाडी गॅरेजात नेत होतास तूच, देवेश. आणि एका फ्लॅटला एकच जागा, तुझी नवी गाडी तिथेच यायची होती."

निहारने टोपी उचकटली. दोन करडे, गुळगुळीत सागरगोटे फरशीवर टपटपले.

सुलक्षणाबाईंनी ते उचलले. "माझे आहेत. मालवणहून आणलेले. माझ्या आईचे." मग त्यांचा आवाज चढला. "देवाक भितंस, आणि आवशीक येडी ठरवतंस?"

"आई, तुझ्याच भल्यासाठी... रस्त्यावर किती..."

"भीती वाटत होती तर तोंडावर सांगायचं होतंस! मी भांडले असते, पण तुझं ऐकून तरी घेतलं असतं. रात्र रात्र मी कानात बोटं घालून बसले रे. वाटलं, खरंच डोकं चाललं आपलं."

देवेश रडू लागला. निहारला त्याची दया आली नाही.

"सोसायटीत बभ्रा होईल, आई. आता वर चल. मी पवईला फोन करून सांगतो, येत नाही म्हणून."

"का म्हणून?" सुलक्षणाबाईंनी पदर खोचला आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. "वेळ माझ्या नावाने घेतलीयस ना? मी जाणार. गाडी मीच चालवणार. तू मागे बस. आणि डॉक्टरांनी विचारलं ना, काय त्रास होतो, तर उत्तर तू द्यायचं."