खाली माणूस आहे

वीज जाऊन बराच वेळ झाला होता आणि मोबाइलची रेंजही गेली होती, म्हणून आम्ही सगळी भावंडं गच्चीवर काकांभोवती येऊन बसलो. काका धरणावर इलेक्ट्रिशियन होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. माझा चुलतभाऊ फोन हवेत उंच धरून गच्चीभर फिरत होता.

"ठेव तो खाली," काका म्हणाले. "हात दुखेल, रेंज यायची नाही. ये, एक गोष्ट सांगतो. ऐकीव नाही हं. माझ्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडलेली."

"भुताची?" धाकटीने विचारलं.

"ते तुम्ही ठरवा."

काकांची हीच सवय मला आवडत नाही. स्वतः ठरवायचं नाही, दुसऱ्यावर सोडायचं. पण ऐकलं.

माणूस म्हणजे धरणाचा गेट ऑपरेटर. दरवाजे उघडायचं बटण त्याच्या हाताखाली. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, ऑगस्टमधला तिसरा शनिवार. त्याची रात्रपाळी होती. जाता जाता खालच्या चौकीतून एक खोकं उचलायचं आणि स्टोअरमध्ये जमा करायचं, एवढंच जादा काम. खोक्यात जुने वायरलेस सेट होते. बॅटऱ्या काकांनी आधीच काढून घेतल्या होत्या. स्टोअरला कुलूप होतं. म्हणून तो खोकं घेऊनच वर कंट्रोल रूममध्ये गेला आणि कोपऱ्यात ठेवून दिलं.

"जुने का काढले?" मी विचारलं.

"नवे आले म्हणून. सिमकार्डवाले. दिसायला वायरलेस, आतून मोबाइल. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एकाने दाबलं की बाकीच्यांनी गप्प."

"आमच्या आईकडे तसलाच सेट आहे, फक्त तिचं बटण सुटत नाही," चुलतभाऊ म्हणाला. मग लगेच नव्या सेटची बाजूही घ्यायला लागला, कारण तो ज्या सिक्युरिटी कंपनीत आहे तिथे हेच सेट आहेत. "काका, त्यांना नावं ठेवू नका. जुना सेट टेकडीपलीकडे गेला की मुका. हा दुसऱ्या शहरातून बोलतो. कोण कुठे उभा आहे ते स्क्रीनवर ठिपक्याने दिसतं. बोललेलं सगळं साठून राहतं. वेगळा उंच खांब नको, काही नको."

"मी कुठे नाही म्हणतोय? वरच्या धरणाशी आम्ही घरात बोलल्यासारखं बोलायला लागलो. पण जुना सेट या हातातून त्या हातात बोलतो, मध्ये कोणी लागत नाही. नव्याला मध्ये टॉवर लागतो. आणि धरणाखालच्या घळीत टॉवर पोचत नव्हता. साहेबांना आम्ही सांगितलं होतं."

"लेखी?"

काका पुढे सांगायला लागले.

नदीच्या पात्रावर गस्त घालायला एक जण होता. आवाज असा खणखणीत, की सगळे त्याला भोंगा म्हणायचे. ऑपरेटरच्या बायकोचा धाकटा भाऊ. पाणी सोडण्याआधी भोंगा खाली उतरायचा आणि तीनदा 'साफ' म्हणायचा. एकदा अलीकडच्या काठावरून, एकदा पलीकडच्या काठावरून, आणि परत येताना खालच्या पुलाच्या मधोमध उभा राहून. तिसरा 'साफ' आल्यावर तो वर येईपर्यंत वाट बघायची आणि मगच बटण दाबायचं. कुणी लिहून ठेवलेला नियम नव्हता. पण मोडलाही नव्हता कुणी.

नवे सेट आले आणि पहिल्याच महिन्यात मोडला. जुलैच्या सुरुवातीच्या त्या रात्री भोंगा खाली गेला. 'साफ' एकही आला नाही. स्क्रीनवर त्याचा ठिपका मात्र घळीच्या रस्त्याच्या वरच्या वळणावर, हिरवागार. साहेब म्हणाले, "बघ, तो वर आलाय. उघड." ऑपरेटर म्हणाला, "साहेब, तीनदा आलं नाही." साहेब म्हणाले, "ते जुन्या सेटचं खूळ. डोळ्यांनी दिसतंय ना? उघड."

त्याने उघडलं.

ठिपका वरच्या वळणावर होता, कारण रेंज तिथपर्यंतच होती. सेटने शेवटची जागा दाखवली, आत्ताची नाही. भोंगा पात्रात होता. पाण्याची मोटार काढायला उतरलेल्या एका माणसाला पुलावर ढकलत होता. तो माणूस वाचला.

पाणी सोडल्यावर दहा मिनिटांनी कंट्रोल रूममध्ये आवाज आला. "थांबा दाजी! खाली माणूस आहे!" तो बोलला होता वेळेवर. पण रेंज नव्हती, म्हणून बोलणं सेटमध्येच पडून राहिलं. सेट वाहत वाहत रेंजमध्ये पोचला, तेव्हा निघालं.

"सेट पाण्यात टिकतो अशी जाहिरात होती," काका म्हणाले. "टिकला."

धाकटी माझ्या जवळ सरकली.

"चौकशी?" मी विचारलं.

"झाली. गस्तवाला परवानगीशिवाय पात्रात उतरला, असं ठरलं."

"आणि तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं?"

"साहेब तसे वाईट नव्हते गं..."

"वाईट कुणीच नसतं, काका! तुमच्या पिढीत वाईट माणूस जन्मालाच आला नाही. मेला तो चुकला, बाकी सगळे सज्जन."

"पुढचं ऐकतेस की भांडतेस?"

मला दोन्ही करायचं होतं. पण धाकटीने माझा हात दाबला.

तर तो तिसरा शनिवार. भोंगा जाऊन दीड महिना झालेला. वरच्या धरणातून पाणी येत होतं, पातळी चढत होती, सोडणं भाग होतं. घळीत उतरायला कुणी तयार होईना. साहेब चिडले. "आता तिथे रेंज वाढवून घेतलीय. मी स्वतः जातो, पुलावरून बोलतो. मग तरी तोंडं बंद होतील." जीप घेऊन गेले. वाटेत बोलले, "येतंय का ऐकू? किती स्पष्ट, बघ!"

खरंच स्पष्ट होतं.

मग आवाज थांबला.

ऑपरेटरने हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. नाही. स्क्रीनवर साहेबांचा ठिपका वरच्या वळणावर. हिरवागार.

तेवढ्यात मुख्य कार्यालयातून फोन. "पातळी बघताय ना? साहेब कुठेत?" ऑपरेटर म्हणाला, "दिसतायत वरच्या वळणावर, पण..." "मग पण काय? उघड."

खोलीत तो एकटाच. यंत्रांचा आवाज. बाहेर पाण्याचा.

आणि कोपऱ्यातून... खरखर.

खोक्यातून. बॅटऱ्या नसलेल्या सेटमधून.

"साफ."

खणखणीत. ओळखीचा.

त्याने मान वळवून खोक्याकडे पाहिलं.

"साफ."

पलीकडचा काठ.

काका इथे थांबले. खालून कुणीतरी मेणबत्ती हवी का म्हणून विचारलं.

"ऑपरेटर मला नंतर म्हणाला," काका हळू आवाजात म्हणाले, "की त्याचा हात बटणावर गेला होता. वरून हुकूम होता. समोर हिरवा ठिपका होता. तसाच ठिपका, ज्याकडे बघून साहेबांनी भोंगा वर आलाय म्हटलं होतं. आणि आता भोंगाच म्हणत होता, साफ. एक 'साफ' राहिला होता. तो आला असता, तर वर यायचीही वाट बघितली नसती, म्हणाला. दाबलं असतं."

"दाबायलाच हवं होतं," मी म्हटलं. माझ्या तोंडून निघून गेलं. कुणी मला गप्प बस म्हणालं नाही.

तिसरा आला नाही.

नुसता श्वास. धापा टाकल्यासारखा. पुलाच्या मधोमध कुणीतरी उभं होतं. काहीतरी बघत होतं. बराच वेळ.

मग ओरडला. असा, की खिडकीच्या काचा थरथरल्या. नेहमी ओरडायचा तसा नाही. संतापून. दात आवळून. आपल्यालाच हे बोलावं लागतंय म्हणून चिडल्यासारखा.

"थांबा दाजी! खाली माणूस आहे!"

ऑपरेटरने हात काढला.

साहेब चालत आले. चिखलाने माखलेले, चप्पल एकाच पायात. जीप पुलावर बंद पडली होती, सेटला रेंज नव्हती, अंधारात रस्ता चुकून ते पात्रातच फिरत होते. आत आले. विचारलं, "मी ओरडत होतो... तू ऐकलंस कसं?"

साहेब वर उभे राहिल्यावर ऑपरेटरने दरवाजे उघडले.

"बरं झालं," धाकटी पुटपुटली.

"काय बरं झालं?" मी भडकले. "काका, चौकशीचा निकाल बदलला? साहेबांनी सांगितलं, की चूक माझी होती?"

"जुने सेट परत आले. तेव्हापासून घळीत जुना, ऑफिसात नवा. दोन्ही चालतात."

"मी निकालाचं विचारतेय."

"...नाही. निकाल तोच आहे."

"आणि तुम्ही गप्प."

काका माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, खाली गेले आणि हातात काहीतरी घेऊन आले. चुलतभावाने फोनचा उजेड पाडला. जुना, काळा, जाडजूड वायरलेस सेट. मागची बॅटरीची जागा रिकामी.

"दुसऱ्या दिवशी सकाळी खोकं मीच उघडलं. बाकीचे सगळे कोरडे होते. हा नव्हता. निवृत्त होताना मागून घेतला. साहेबांनी एका शब्दाने विचारलं नाही, का हवाय ते."

मी सेट हातात घेतला. गार होता. जाळीत ओली वाळू होती. मी बोटाने पुसली. काका म्हणाले, "पुसून उपयोग नाही. सापडला तेव्हापासून पुसतोय."

कडेचं बोलायचं बटण आत गेलेलं होतं. मी नखाने ओढलं. चुलतभावाने किल्ली घालून पाहिलं. बटण बाहेर येईना. आतून कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं.

"सोड," काका म्हणाले. "त्याचं बोलून झालेलं नाही."

मी सेट कठड्यावर ठेवला. हात पुसला. जाळीतून पाण्याचा एक थेंब सुटला... मग दुसरा.