नकाराला लागणारा वेळ

त्या विमानात वैमानिकासमोर दांडा होता, पण तो नुसता हातांच्या समाधानासाठी. विमान वळायचं ते हेल्मेटच्या सांगण्यावरून. हात हलण्याआधी मेंदूत त्या हालचालीची जुळवाजुळव सुरू होते. हेल्मेट ती टिपायचं आणि हात उठेपर्यंत विमान वळलेलंसुद्धा असायचं. या व्यवस्थेला ‘पूर्वहस्त’ म्हणत.

तिचा हट्ट वैमानिकांचाच होता. चाचणी-वैमानिक खाली उतरला की कुणाशीही बोलण्याआधी हाताळणीला श्रेणी देतो. एक म्हणजे उत्तम, दहा म्हणजे जीव वाचला हेच खूप. त्या आकड्यापुढे शास्त्रज्ञांचं काही चालत नाही. उदयन कर्णिक कायम तीन द्यायचा. विमान माझ्या मागून येतं, म्हणायचा. पूर्वहस्त बसवल्यावर त्याने पहिल्यांदा एक दिला, तेव्हा ती व्यवस्था बनवणाऱ्या डॉ. गोठोस्करांनी अख्ख्या प्रयोगशाळेला जिलेबी वाटली होती.

मागच्या आठवड्यात, जमिनीलगतच्या चाचणीत, कसलाही बिघाड नसताना विमान सरळ खाली घुसलं. आज्ञा उदयनच्याच मेंदूतून आली होती, याबद्दल यंत्रांना शंका नव्हती.

आता त्याची बायको हेमांगी गोठोस्करांसमोर बसली होती.

“सगळे आत्महत्या म्हणतायत. डॉक्टर, आदल्या दिवशी तो माझ्याशी पडद्यांच्या रंगावरून भांडला होता. मरायला निघालेला माणूस पडद्यांवरून भांडतो का?”

गोठोस्करांनी चष्मा काढला. “वहिनी, गच्चीच्या कठड्याशी उभं असताना, उडी मारावी असं कधी क्षणभर वाटून गेलंय?”

“मुलगी तान्ही असताना. तिला कडेवर घेऊन. हे मी उदयनलाही सांगितलं नव्हतं.”

“बहुतेकांना वाटतं. मेंदू तयारीला लागतो आणि हातपाय हलायच्या आत आपणच त्याला नको म्हणतो. त्या नकाराला जरासा वेळ लागतो. आम्ही त्या वेळाला दिरंगाई समजलो आणि काढून टाकला. उदयनचा नकार आला, पण तोवर विमानाखाली जागा उरली नव्हती.”

“म्हणजे त्याला मरायचं नव्हतं.”

“नव्हतं.”

हेमांगी रडली. गोठोस्करांना त्या जिलेबीची शरम वाटली.

डोळे पुसून तिने विचारलं, “तो वेळ परत घालणार ना?”

“घातला. काल दोघा वैमानिकांनी उडवून पाहिलं. दोघांनीही चार दिले. विमान जड झालंय, पहिल्यासारखं करा म्हणाले.”

“त्यांना हे सगळं सांगितलंत?”

“सांगितलं.”

“मग?”

“म्हणाले, आमच्या मनात असलं काही येत नाही.”