चक्कीच्या बोर्डावरचा लाल कागद

यात पदरचं काही नाही. विंझरला मानसिंगच्या घरी गेल्या चैत्रात घडलं. तेही भरदुपारी. हसायचं त्यानं हसावं.

भिमा वायरमननं घरात तीन भोकांचे नवे बोर्ड बसवले. पण घरच्या चक्कीजवळच्या बोर्डामागं अर्थिंगची तारच नव्हती. भिमानं त्यावर लाल कागद चिकटवला... 'अर्थिंग नाही. चक्की लावू नये.' म्हणाला, अंगणात खड्डा घ्या, मीठ-कोळसा भरा, तार जोडू. मगच कागद काढा.

मानसिंगची विधवा भावजय सगुणाबाई. तिला वाचता येत नव्हतं, पण लाल कागद कळत होता. ती दळण डोक्यावर घेऊन गावच्या गिरणीत जायची.

मग मानसिंगच्या मुलीला, आरतीला, बघायला पाहुणे यायचे ठरले. घर अर्धवट दिसायला नको, म्हणून त्यानं तो कागद नखानं खरवडून काढला.

चहा देताना सगुणाबाईची नजर भिंतीवर गेली.

"भावजी, कागद निघाला. काम झालं व्हय?"

पाहुणे बघत होते.

"व्हय," मानसिंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धुणं वाळत घालून, ओल्या हातानंच तिनं चक्की लावली...

दळण तसंच राहिलं.

तेरावं झाल्यावर मानसिंगनं स्वतः खड्डा खणला. भिमानं तार जोडली, दिवा लावून तपासली. सगळं ठीक होतं.

त्याच आठवड्यात, एका दुपारी मानसिंग घरात एकटाच होता.

ओल्या पावलांचा आवाज आला... चप... चप...

फरशी कोरडी होती.

"भावजी, काम झालं व्हय?"

आवाज सगुणाबाईचाच होता. पण या खेपेला काम खरंच झालं होतं. त्यानं हात जोडले.

"व्हय, वैनी. झालं."



मग चक्की फिरू लागली...

तिची पिन जमिनीवर पडली होती.

तेव्हापासून मानसिंग अर्थिंगचा खड्डा वाळू नये म्हणून रोज घागरभर पाणी ओततो. तार असूनही बोर्डावर लाल कागद पुन्हा लावलाय. भिमा म्हणतो, आता काढा की. तो काढत नाही.

परवा तो सारोळ्याला आरतीच्या सासरी मुक्कामाला होता. घराला कुलूप. सकाळी परत येऊन बघतो, तर कागद खाली पडलेला...

नखानं खरवडलेला.

मानसिंगनं आपला हात बघितला. अंगठ्याच्या नखात लाल चुरा होता.