सतराव्या चित्रातलं स्टूल

"हे जो कोणी करतंय ना, त्याला जराही लाज नाही!"

ती हॉलच्या मधोमध उभी राहून ओरडली. तिच्याखेरीज तिथं एकटे सुतारमामा होते, तेही शिडीवर, ओठांत खिळे धरून. त्यामुळे आरोप भिंतींनाच ऐकून घ्यावा लागला.

सतराव्या चित्राखालचं कार्ड तिसऱ्यांदा जमिनीवर पडलं होतं. पालथं.

वस्तीतल्या लोकांनी काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन चार वाजता उघडायचं होतं. शिंपी, बसचालक, शाळेतल्या शिपाईबाई, सगळ्यांची चित्रं लागली होती. चित्रं त्यांची, पण प्रत्येकाखाली दोन ओळींचा अर्थ हिचा. चित्रातल्या खुणा कळल्याशिवाय माणसं जागी होणार नाहीत, असं तिचं ठाम मत. साधं पाणी मागायच्या आधीही चार वाक्यं बोलायची, म्हणून वस्तीनं तिचं नाव ठेवलं होतं 'प्रस्तावना'.

"मामा, तुम्ही काढलंत का कार्ड?"

मामांनी खिळे हातात घेतले. "खिळे मी ठोकतो, अर्थ तुम्ही ठोकता. मी कशाला मध्ये पडू?"

चित्र रुग्णालयातल्या वॉर्डाचं होतं. लोखंडी खाट, तिच्यावर नऊचा आकडा, शेजारी तीन पायांचं पांढरं स्टूल. कार्डावर तिनं लिहिलं होतं, 'रिकामं स्टूल : एकाकी मरणाचं प्रतीक.' तीन वर्षांपूर्वी त्याच नऊ नंबरच्या खाटेवर तिचे बाबा गेले. ती त्या रात्री मोर्च्याची पत्रकं लिहीत बसली होती. 'सकाळी येते,' असं सांगून निघालेली. सकाळी गेली तेव्हा खाट पुसून झाली होती.

तिनं कार्ड पुन्हा चिकटवलं, अंगठ्यानं दाबलं. तेवढ्यात दिवे गेले. फ्यूज बघायला मामा बाहेर पडले.

उंच खिडक्यांतून करडा उजेड तेवढा झिरपत होता. हॉलभर ताज्या रंगाचा वास होता, त्यात हळूहळू फिनेलचा वास मिसळला. आणि तिच्या पाठीमागं फरशीवरून लोखंड सरकलं... अगदी सावकाश. कुणी आजाऱ्याच्या जवळ सरकून बसावं, तसं.

ती वळली. कुणी नव्हतं. कार्ड पालथं पडलं होतं.

"कोण... कोण आहे?"

"मी गं. अंधारात काय करतेस?" दारात निवृत्त सिस्टर उभ्या होत्या. सतरावं चित्र त्यांचंच. त्यांनी कार्ड उचललं, डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि हसल्या. "रिकामं? अगं, मला माणूस काढता येत नाही. चेहरा काढायला गेले की बटाटा होतो. म्हणून नुसतं स्टूल काढलं. माझी शेवटची ड्यूटी ती. मोर्च्याच्या आदल्या रात्रीची."

"नऊ नंबरला... माझे बाबा होते, सिस्टर."

सिस्टरांनी तिचा हात धरला. "मग ऐक. एक म्हातारे गृहस्थ त्यांचा हात हातात घेऊन बसले होते, शेवटपर्यंत. मी म्हटलं, आजोबा, भेटीची वेळ संपली. तर म्हणाले, 'मुलगी आली की उठतो.' काहीतरी सांगत होते, आणि तुझे बाबा चक्क हसत होते गं. मला वाटलं, तुमच्यातलेच कुणी."

"आमच्यात म्हातारं माणूस... कुणीच उरलेलं नव्हतं."

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. पण त्याच क्षणी छातीवरचा तीन वर्षांचा धोंडा कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला. बाबा एकटे नव्हते. हसले होते.

तिनं नवं कार्ड घेतलं. या वेळी अर्थबिर्थ काही लिहिला नाही. 'जे बसले, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. मी आले आहे.'

ते कार्ड पडलं नाही.

दिवे आले, चार वाजले, माणसं आली. त्या संध्याकाळी प्रस्तावनेनं कुणालाच काही समजावून सांगितलं नाही. नुसती हात जोडून दाराशी उभी राहिली.

गर्दी पांगल्यावर सुतारमामा तीन पायांचं पांढरं स्टूल घेऊन आतून आले.

"ताई, ते आजोबा गेले बरं का. 'मुलगी आली, उठतो आता' म्हणाले. पण त्यांचं हे स्टूल कुठं ठेवू? आपण तर एकही आणलं नव्हतं. आणि जपून धरा, रंग ओला आहे."