डोहवस्तीची बोट

मे महिन्यातली रणरणती दुपार होती. शाहूपुरीतल्या आपत्ती निवारण कार्यालयाच्या हॉलमध्ये निशा कांबळे पुराचा खेळ खेळत बसली होती. खेळ कसला, पावसाळ्याआधीचा सरावच तो. टेबलावर नदीचा नकाशा आणि त्यावर लाकडी बोटी. शेजारच्या खोलीत बसलेला तिचा सहकारी धैर्यशील वॉकीटॉकीवर आवाज बदलून गावकरी व्हायचा, मदत मागायचा. बोट कुठं पाठवायची ते निशानं ठरवायचं. ती ठरवेल तेच संध्याकाळी खऱ्या आराखड्यात जाणार होतं.

सकाळपासून डावामागून डाव चालले होते. तिचे डोळे चुरचुरत होते, पाठ भरून आली होती. याही डावात शेवटी एकच बोट उरली. मळेवाडीत माणसं पुष्कळ, डोहवस्तीत चारच घरं. दरवेळसारखी तिनं बोट मळेवाडीवर सरकवली.

वॉकीटॉकी खरखरला. एका म्हातारीचा आवाज आला.

"बाई... डोहवस्तीला बोट येती न्हवं?"

"थोडं थांबा, आजी."

"सकाळधरनं थांबा म्हनतासा. दर डावाला बुडतोय आमी... दमलो आता."

आवाजामागं पाणी भिंतीवर थडाथडा आपटत होतं. हॉलभर गाळाचा कुबट वास पसरला.

"धैर्यशील, पुरे की आता!" वैतागून निशानं शेजारच्या खोलीचं दार ढकललं. धैर्यशील खुर्चीतच गाढ झोपला होता. तिनं त्याला हलवून उठवलं.

"म्हातारीचा आवाज तू काढलास?"

"कुठली म्हातारी? माझा वॉकीटॉकी मगाधरनं बंद पडलाय, मॅडम. चार्जिंगला लावलाय न्हवं का!"

निशा टेबलापाशी आली. तिनं मळेवाडीवरची बोट उचलली आणि डोहवस्तीवर ठेवली.

"आलासा?" म्हातारी पुटपुटली. "लई बरं झालं, लेकी..."

पाण्याचा आवाज थांबला. निशा खुर्चीत बसली. मागोमाग आलेल्या धैर्यशीलला म्हणाली, "आराखड्यात असंच टाक. बोट डोहवस्तीला."

"आणि मळेवाडी?" त्यानं विचारलं.

तेवढ्यात वॉकीटॉकी पुन्हा खरखरला. आधी एक तान्हं बाळ रडलं, मग दुसरं, मग कितीतरी. त्या कल्लोळातून एका पुरुषाचा आवाज आला. त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती.

"मॅडम, मळेवाडीतनं बोलतोय... अजून किती डाव हाईत?"

धैर्यशीलनं निशाकडं पाहिलं. या वेळी त्यालाही ऐकू आलं होतं. पलीकडं बाळं एकदम गप्प झाली. सगळं गाव श्वास रोखून तिच्या उत्तराची वाट बघत होतं.